परदेशातून टपाली मतदान

देशाबाहेर राहणाऱ्या नागरिकाने मायदेशातील निवडणुकीची मतपत्रिका मागवून, ती भरून टपालाने किंवा अन्य मान्य मार्गाने परत धाडण्याची पद्धत. केंद्रावर जाऊन दिलेले मत तिथल्या तिथे नोंदले जाते. टपाली मत मुदतीत निवडणूक कार्यालयाच्या हाती पडले, तरच मोजणीला येते. म्हणूनच हक्क मान्य झालेल्या देशांतही वाद उरतो तो तारखेचा.

या पद्धतीचा मोठा आणि गुंतागुंतीचा संसार अमेरिकेत आहे. परदेशस्थ नागरिकांना संघीय निवडणुकांत मत देण्याची हमी १९७५ च्या कायद्याने मिळाली. १९८६ च्या कायद्याने सैनिक, त्यांचे कुटुंबीय आणि परदेशस्थ नागरिक एका छत्राखाली आले. परतीची मुदत मात्र प्रत्येक राज्य आपली आपण ठरवते. काही राज्यांना मतदान संपण्यापूर्वी पाकीट हातात हवे असते, तर काही राज्ये मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालशिक्का पाहून उशिरा आलेले पाकीटही स्वीकारतात. वॉशिंग्टन राज्यात परदेशस्थ मतदाराने सहीपाशी घातलेली तारीख प्रमाण मानतात. मॅनिलात शेजारी राहणाऱ्या दोन अमेरिकनांनी एकाच दिवशी पाकिटे टाकली, तरी एकाचे मत धरले जाईल आणि दुसऱ्याचे नाही, असे सहज घडू शकते.

संघीय निवडणुकीत मतपत्रिका किमान ४५ दिवस आधी रवाना झाली पाहिजे आणि मागणाऱ्याला कोरी मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गानेही मिळाली पाहिजे, असे बंधन २००९ च्या कायद्याने घातले. जाण्याची वाट अशी रुंद झाली. परतीची बऱ्याच ठिकाणी टपालाचीच राहिली. भरलेली मतपत्रिका काही राज्ये ई-मेलने, फॅक्सने किंवा संकेतस्थळावरून घेतात, काही फक्त कागदच घेतात. घरी छापलेल्या मतपत्रिकेची आणखी एक गंमत आहे. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी कागद ए-फोर मापाचा असतो, तिकडच्या मोजणीयंत्राला मात्र ठरावीक मापाची, जाड कागदाची पत्रिका लागते. मग कर्मचारी ती मते अधिकृत पत्रिकेवर उतरवून काढतात आणि मूळ कागद जपून ठेवतात.

मतपत्रिका वेळेत आलीच नाही, तर उमेदवाराचे नाव हाताने लिहायची पर्यायी संघीय मतपत्रिका भरून पाठवता येते. नंतर मूळ पत्रिकाही मुदतीत पोचली, तर मोजतात ती मूळचीच. वकिलातीत दिलेल्या पाकिटाला आंतरराष्ट्रीय टपालखर्च पडत नाही, पण राजनैतिक टपालाला कित्येक आठवडे लागू शकतात. साध्या टपालाचाही भरवसा नाही. अमेरिकेच्या नव्या आयातशुल्क नियमांमुळे भारतीय टपाल खात्याने २०२५ च्या ऑगस्टअखेरीस पत्रांसकट तिकडचे सगळे टपाल थांबवले होते. ते ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झाले.

तारखेचे मोल किती, हे २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात दिसले. न्यायालयीन तडजोडीमुळे तिथे परदेशातील मतांना दहा दिवसांची सवलत होती. ७ नोव्हेंबरला मतदान झाले आणि १७ तारखेपर्यंत पाकिटे येत राहिली. ती मोजल्यावर बुश यांची ३०० मतांची आघाडी ९३० वर गेली. सैनिकी टपालाला तिकीट लागत नसल्याने जहाजांवरून आलेल्या अनेक पाकिटांवर तारखेचा शिक्काच नव्हता. काही काउंटींनी ती बाद केली, काहींनी धरली. अंतिम फरक ५३७ मतांचा राहिला. न्यूयॉर्क टाइम्सने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीनुसार मतदानाच्या दिवसानंतर आलेली अशी २,४९० मते मोजली गेली होती. ती सगळी वगळली असती, तर बुश यांचे प्रतिस्पर्धी गोर २०२ मतांनी पुढे असते. एका देशाचा अध्यक्ष शिक्क्याच्या शाईवर अडला होता, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये.

भारतात टपाली मताची सोय सेनादलांतील मतदारांना आणि परदेशात नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना आहे. २०१६ पासून त्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते, परत मात्र टपालानेच यावी लागते. मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात घालतात आणि तो लिफाफा प्रतिज्ञापत्रासह बाहेरच्या लिफाफ्यात. मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेला लिफाफा उघडतच नाहीत. त्यावर येण्याची तारीख-वेळ टिपून असे सगळे लिफाफे एका गठ्ठ्यात बांधून ठेवतात. अनिवासी भारतीयांना ही सोय नाही. २०१० च्या दुरुस्तीने त्यांना मतदारयादीत नाव घालता आले, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर यावे लागते. त्यांना प्रतिनिधीमार्फत मतदान करू देणारे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले आणि लोकसभेच्या विसर्जनाबरोबर निकालात निघाले. पुढे निवडणूक आयोगाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक टपाली पत्रिकेचा प्रस्ताव कायदा मंत्रालयाकडे पाठवला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १ लाख १९ हजार नोंदलेल्या अनिवासी मतदारांपैकी तीन हजारांहून कमी लोकांनी प्रत्यक्ष येऊन मत दिले. त्यांतले बहुतेक केरळचे होते.