चहाची तलफ कुणी लावली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रमजानच्या महिन्यात संध्याकाळची अजान झाली, की आमचे अब्बा खजूर तोंडात टाकत, घोटभर पाणी पीत आणि नमाज आटोपताच अम्मीकडे बघत. बोलायची गरज नसे. चुलीवर चहा उकळतच असे. अब्बा म्हणायचे, "दिवसभर उपाशी होतो, भुकेचं काही वाटलं नाही. डोकं दुखलं ते चहापायी." लहानपणी मला याचे हसू यायचे. आता पन्नाशी ओलांडली आणि माझेही तेच होऊ लागले. जेवणाशिवाय दिवस निघतो, पण चहाशिवाय निघत नाही, तर मग गरज म्हणायचे कशाला?

अम्मी सांगायची, तिच्या आजीच्या घरात चहाचे भांडेच नव्हते. म्हणजे दोन-तीन पिढ्यांत कुणीतरी ही तलफ घरात आणून ठेवली. कुणी, हे शोधायला गेलो तेव्हा एक मजेशीर आणि थोडा अस्वस्थ करणारा इतिहास हाती लागला.

आसामच्या रानात चहाची झाडे आहेत आणि तिथले सिंगफो लोक ती वापरतात, हे इंग्रजांना १८२३च्या सुमारास कळले. १८३९ साली आसाम कंपनी निघाली, मळे वाढत गेले. पण तो चहा पिकत होता विलायतेसाठी. आपल्याकडे दूध होते, ताक होते, गुळाचे पाणी होते. चहावाचून फारसे कुणाचे अडत नव्हते.

मळेवाल्यांना मात्र इतका मोठा देश गिऱ्हाइकाविना पडून राहिलेला दिसत होता. १९०३ साली सरकारने कायदा करून निर्यातीच्या चहावर उपकर बसवला. तो पैसा चहाच्या प्रचारासाठी होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापड गिरण्या, खाणी, कारखाने इथे चहाचे ठेले लागले. घामाघूम झालेला कामगार हे हक्काचे गिऱ्हाईक. रेल्वेच्या ठेकेदारांना किटल्या, कप आणि चहाच्या पुड्या देऊन मोठ्या स्टेशनांवर विक्री सुरू केली.

पुढे जागतिक मंदी आली आणि चहाचे भाव कोसळले. १९३३ साली भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज इथल्या उत्पादकांनी करार करून निर्यातीला मर्यादा घातली. मग उरलेला चहा कुठे खपवायचा? इथेच. प्रचारक दारोदार फिरू लागले, चहा करून दाखवू लागले, फुकट पाजू लागले. पडदा पाळणाऱ्या घरांत बायकांसाठी स्त्री प्रचारक जात. स्टेशनांवर देशी भाषांत पाट्या लागल्या, चहा कसा करावा हे चित्रांसह सांगणाऱ्या. माल आधी तयार होता, तहान मागाहून तयार केली गेली.

आपली माणसेही काही कमी नव्हती. प्रचारकांनी सांगितलेली कृती बाजूला ठेवून ठेलेवाल्यांनी भरपूर दूध-साखर घातली, मसाला टाकला आणि सगळे एकत्र उकळले. यात चहापत्ती कमी लागते, म्हणून प्रचारकांना ते रुचत नसे. स्वातंत्र्यानंतर यंत्रावर चुरलेली दाणेदार, स्वस्त सीटीसी पावडर सगळीकडे पोचली आणि चहा गरिबाच्या चुलीवर चढला. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी आरोग्यावर पुस्तक लिहिले, त्यात चहाची गरज नाही असे बजावले. ते फारसे कुणी ऐकले नाही. आज देशात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार पंचमांश चहा आपणच पितो.

एवढे वाचल्यावर मी ठरवून टाकणार होतो, की चहा ही गरज नव्हे, ती लादलेली सवय. पण एक आठवण आडवी आली.

माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या हॉटेलाबाहेर, वळचणीला काही कान तुटलेले कप वेगळे ठेवलेले असत. अब्बांचे एक मित्र दलित वस्तीत राहायचे. ते त्यातला कप घेत, बाहेरच उभे राहून चहा पीत आणि कप स्वतः विसळून ठेवत. मी एकदा विचारले, "काका, मग तुम्ही घरीच का पीत नाही?" ते म्हणाले, "पोरा, चहा घरीबी हाय. मला आत बसून प्यायचाय."

हॉटेलात जाण्याचा हक्क संविधानाने १९५० सालीच दिला होता. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदाही १९५५ साली झाला होता. कप मात्र वळचणीलाच होते. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते, की चवदार तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आजवर आपण मेलो नाही. इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे दाखवायला आपण तिथे जात आहोत. जिवंत राहायला लागते तेवढीच गरज, असे मानले तर महाडचा सत्याग्रह समजणारच नाही.

म्हणजे बघा, चहा एकच. मळेवाल्यासाठी तो उरलेला माल होता, अब्बांसाठी तलफ आणि काकांसाठी मान. वस्तूकडे बघून गरज की हौस हे ठरत नाही. मी आता स्वतःला दोन प्रश्न विचारतो. हे मला हवे आहे, असे मला आधी कुणी सांगितले? आणि ते मिळाले नाही तर माझे नेमके काय जाईल?

हे सोपे नाही. चहाचा प्रचारक निदान दार वाजवून यायचा. आताचा आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येच बसलेला असतो आणि हप्तेही तोच बांधून देतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने नवा फोन मागितला. जुना नीट चालतो. ती म्हणाली, "वर्गात सगळ्यांकडे नवे आहेत, अब्बा. मला माझा बाहेर काढायची लाज वाटते." मी रागावणार होतो, पण काकांचा कप आठवला. तिची ही लाज खरी आहे, की कुणीतरी विकलेली आहे? मी बापाच्या अधिकाराने परस्पर ठरवणे बरोबर नाही. तिला अजून उत्तर दिलेले नाही. आज संध्याकाळी चहा घेताना हेच दोन प्रश्न तिच्यापुढे ठेवणार आहे.