स्वमग्न माणूस : इतिहासात आणि आपल्या आळीत



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना राजे, किल्ले आणि लढाया यांची अपेक्षा असते. आज मात्र ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही अशा माणसांविषयी मला बोलायचे आहे.

आपल्या त्र्यंबकेश्वरात इतिहासाचे एक मोठे साधन जपलेले आहे. ते म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेस आलेल्या यजमानाचे गाव, आडनाव, वाडवडील, मुलेबाळे यांची नोंद त्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली. कुळाचा वेल त्यांत सापडतो. पण एखाद्या नावापाशी तो थांबतो. तो मनुष्य अकाली गेला, विरक्त झाला, की त्याचे कोणाशी जमलेच नाही, हे ती ओळ सांगत नाही. वहीत नाव असते, स्वभाव नसतो.

आता आपल्या आळीतला एक माणूस डोळ्यांपुढे आणा. एसटीचे वेळापत्रक त्याला तोंडपाठ आहे. पण बसमध्ये शेजारी कोणी बोलू लागले की तो गोंधळतो. रोज ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने कुशावर्तावर जातो. वाट बदलावी लागली तर त्याचा दिवस बिघडतो. वरातीचा बँड त्याला सोसत नाही. खोटे बोलता येत नाही, म्हणून साहेबाशी पटत नाही. वय पन्नाशीचे, नोकऱ्या तीन सुटलेल्या. त्याच्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही : तऱ्हेवाईक, घुमा, एककल्ली, माणूसघाणा. हे सारे शब्द दोष देतात. उलगडा एकही करीत नाही.

उलगडा करणारा शब्द फार उशिरा आला. मॉस्कोच्या डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली अशा मुलांचे वर्णन केले. त्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली आणि ‘ऑटिझम’ हे नाव रूढ झाले. आपण त्यास स्वमग्नता म्हणतो. हे वेड नव्हे. मेंदूच्या घडणीतला तो जन्मजात वेगळेपणा आहे. बोलता-लिहिता येणाऱ्या, शिकलेल्या माणसांतही तो असू शकतो, ही गोष्ट लॉर्ना विंग यांच्या १९८१ सालच्या लेखानंतर सर्वत्र ध्यानात येऊ लागली. १९५५ साली जन्मलेला मनुष्य तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याची शाळा केव्हाच संपली होती. त्याला नाव कोण देणार?

मग नाव नसताना अशी माणसे जगली कशी? तीन दाखले देतो.

पहिला स्कॉटलंडचा. ह्यू ब्लेअर नावाच्या जमीनदाराचे लग्न झाले होते. तो कराराला समर्थ नाही म्हणून ते रद्द व्हावे, असा दावा १७४७ साली त्याच्या सख्ख्या भावाने लावला. साक्षीदार आले. तो पिसे आणि काटक्या गोळा करतो, चर्चमध्ये ठरल्या जागीच बसतो, ओळखदेख नसता लोकांच्या अंत्ययात्रांना जातो, असे त्यांनी सांगितले. लग्न रद्द झाले. २००० साली हूस्टन आणि उटा फ्रिथ या अभ्यासकांनी त्याच साक्षी वाचून तो स्वमग्न असावा असा निष्कर्ष मांडला.

दुसरा दाखला आपल्या महाराष्ट्रातला. तो देताना जपून बोलले पाहिजे. तेराव्या शतकात ऋद्धिपुरास गोविंदप्रभू होते. त्यांचे चरित्र म्हाइंभटांनी लिहिले आहे. मनास येईल त्या घरी जावे, जातीपातीचा विचार न करता जेवावे, निर्जीव वस्तूंशी बोलावे, अशी त्यांची वागणूक. कित्येकांनी त्यांना वेडे म्हटले. महानुभावांना ते परमेश्वरावतार आहेत; त्यांच्यावर वैद्यकाची चिठ्ठी चिकटवण्याचा मला अधिकार नाही, आणि तसे मला म्हणायचेही नाही. मला पाहायचे आहे ते गाव. रीतीबाहेर वागणाऱ्या पुरुषाला त्या गावाने हाकलले नाही, आईबाप मानले.

तिसरा दाखला कॅनर यांच्या अकरा मुलांतील पहिल्याचा. डोनाल्ड ट्रिपलेट त्याचे नाव. मिसिसिपीतल्या एका लहान गावी तो घरच्या बँकेत नोकरीस राहिला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली वृद्धपणी वारला. घरी पैसा होता हे खरे. पण गावाने त्याला आपला मानले होते, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे कायद्याची वाट लांबची झाली. १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला, १९०१ साली ठाण्याचे मनोरुग्णालय उभे राहिले. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. आता सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळू शकते. पण तपासण्या मुख्यतः मुलांना डोळ्यांपुढे ठेवून बेतलेल्या. पन्नाशीचा माणूस दारात उभा राहिला की अडचण पडते.

ती अडचण इतिहासकाराच्या ओळखीची आहे. स्वमग्नतेला रक्ताची तपासणी नाही. मानसोपचारतज्ज्ञ विचारतो : हा लहानपणी कसा होता? बोलू केव्हा लागला? खेळत कोणाशी होता? याची साक्ष आई, मामा किंवा जुने गुरुजी देणार, आणि ही माणसे एकेक करून जात आहेत. ब्लेअरचा उलगडा अडीचशे वर्षांनी झाला, तो साक्षी लिहिलेल्या होत्या म्हणून.

आपल्या गावी नारायण-नागबळीसाठी दूरदूरची कुटुंबे येतात. त्यांतली काही असे दुःख उराशी धरूनही येत असतील. त्यांच्या श्रद्धेचा मी उपहास करणार नाही. परंतु तीन दिवसांचा विधी आटोपून घरी गेलेल्या त्या माणसाला बँडचा आवाज पूर्वीइतकाच लागतो. म्हणून सांगतो : त्याच्या आईला विचारा आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. त्याला स्वतःला काय वाटते तेही विचारा. सर्वांत जवळचा साक्षीदार तोच आहे. त्याची इच्छा असेल तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात त्याच्याबरोबर जा. फार कासावीस झाला तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची सरकारी मदत फोनवर मिळते, तीही मराठीतून.

आणि निदान झालेच नाही तर? तरी वरात त्याच्या दारावरून जाताना क्षणभर वाजंत्री थांबवता येईल. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. ऋद्धिपुराने कोणापाशी ते मागितले नव्हते.