तीन बाद 91

तुम्ही दांडिया बाजारातून निघता तेव्हा महिना मार्चचा आहे आणि साल 1947. रस्त्यावर सायकली आणि टांगे. वाड्यांच्या ओट्यांवर मराठी, दुकानांच्या फळ्यांपुढे गुजराती, आणि मधल्या गर्दीत दोन्हींची सरमिसळ झालेली बडोद्याची बोली. शहर अजून गायकवाडांचं आहे. गादीवर प्रतापसिंहराव आहेत. ऊन चढायला लागलंय आणि धोतर-कोटातली, लेंग्यातली, खाकी चड्डीतली माणसं एकाच दिशेनं चालली आहेत. तुम्हीही त्यांच्यामागे चालू लागता.

रणजी करंडकाचा अंतिम सामना आहे. बडोदा विरुद्ध इंदूरचे होळकर.

मैदानाच्या कडेला जागा मिळते ती काळी टोपी घातलेल्या एका काकांच्या शेजारी. कागदाच्या पुडीतले शेंगदाणे ते तुमच्यापुढे धरतात. सारखे इंदूरच्या खेळाडूंकडे बघताय म्हणून विचारतात, "काय हो, इंदूरचे का तुम्ही?"

"नाही, इथलाच."

"मग असे काय बघताय त्यांच्याकडे?"

बघण्यासारखं आहे म्हणून बघताय. तो ताठ मानेचा उंच माणूस म्हणजे कर्नल सी. के. नायडू. भारताचा पहिला कसोटी कर्णधार. वय 51. या वयात माणसं ओसरीवर बसून नातवंडांचे हट्ट पुरवतात. गेल्या वर्षी इंदूरला याच दोन संघांचा अंतिम सामना झाला, त्यात या माणसानं बडोद्याविरुद्ध 200 धावा केल्या. बडोदा 56 धावांनी हरलं. काकांना तो आकडा घरच्या देण्यासारखा पाठ आहे. "छप्पन," ते म्हणतात, आणि पुडी बंद करून खिशात ठेवतात.

होळकरांचा संघ काय होता हे आज नुसत्या आकड्यांवरून कळत नाही, पण आकडेही काही कमी नाहीत. 1945 ते 1955 या 11 हंगामांत ते 10 वेळा अंतिम फेरीत पोचले आणि 4 वेळा जिंकले. यातलं बरंचसं काकांच्या दृष्टीनं अजून घडायचं आहे. तुम्हाला ते माहीत आहे, सांगता मात्र येत नाही. त्यांना माहीत आहे ते एवढंच की गेल्या हंगामात या लोकांनी म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव सोडला आणि त्या एका डावात सहा जणांनी शतकं केली. महाराजा यशवंतराव होळकरांनी खेळाडू गोळा केले, त्यांना नोकऱ्या दिल्या, आणि ते सगळे सी. के.च्या हाती सोपवले. कर्नल ही पदवी त्याच्यापुरती नावाची नव्हती. त्याच्या संघात दमलो म्हणायची सोय नाही.

असा संघ हरवायचा कसा, हा त्या काळी सगळ्या रणजी संघांपुढचा प्रश्न होता. बऱ्याच जणांना पहिलं सुचायचं ते म्हणजे अंगावर धावून जाणं. आधी त्यांची फिरकी फोडून काढू, मग बघू. पण होळकरांना नेमकं तेच हवं असायचं. सी. एस. नायडू, म्हणजे सी. के.चा धाकटा भाऊ, लेगब्रेक आणि गुगली टाकायचा, आणि घाई करणाऱ्या फलंदाजाची वाट पाहत बसायचा. चंदू सरवटे आणि हिरालाल गायकवाड यांच्याकडेही सहज फटकावता येईल असं काही नव्हतं.

दुसरा मार्ग मुंबईनं दाखवला होता, दोनच वर्षांपूर्वी, 1945 च्या अंतिम सामन्यात. पहिल्या डावात 462 करून मुंबईनं होळकरांना 360 वर रोखलं. 102 ची आघाडी हाताशी होती. तरीही दुसऱ्या डावात मुंबई थांबलीच नाही. विजय मर्चंटनं 278 केल्या आणि डाव 764 पर्यंत गेला. सी. एस. नायडूनं त्या सामन्यात 152.5 षटकं टाकली, 428 धावा दिल्या, 11 बळी घेतले. एका सामन्यात इतके चेंडू कुणाही गोलंदाजानं टाकलेले नाहीत. नंतर डेनिस कॉम्प्टननं होळकरांकडून नाबाद 249 केल्या, होळकर 492 पर्यंत पोचले, आणि 374 धावांनी हरले.

मुंबईनं काय केलं हे नीट बघा. होळकरांची ताकद होती समोरच्याला दिवसच्या दिवस मैदानात राबवण्यात. मुंबईनं ती ताकद वापरायची संधीच त्यांना दिली नाही. उलट त्यांनाच राबवलं. बडोद्यानं हे पाहिलं होतं. 56 धावांनी हरताना स्वतःही थोडं शिकलं होतं.

पहिल्या डावात होळकर 202 वर बाद होतात. गर्दीचा आवाज वाढतो. बडोद्याच्या गोलंदाजीचा भार ज्यांनी उचलला त्यांत विजय हजारे आहेत, साध्या मध्यमगती चेंडूंनी चिवटपणे एकाच जागी मारा करणारे. काका मान डोलावतात, पण हसत नाहीत. गेल्या वर्षीचे छप्पन अजून मनातून गेलेले नाहीत.

मग बडोद्याची फलंदाजी सुरू होते, आणि बघता बघता तीन बाद 91.

मैदानावर अशी शांतता पसरते की होळकरांच्या क्षेत्ररक्षकांचं एकमेकांशी बोलणं तुमच्यापर्यंत पोचतं. काका मांडी बदलून बसतात. अजून एक पडला तर 202 सुद्धा लांब वाटायला लागेल.

खेळपट्टीकडे चालत जाणारा फलंदाज ठेंगणा आहे. गुल मोहम्मद. लाहोरचा. वय 25, डावखुरा, कव्हरला उभा राहिला की चेंडूवर झडप घालणारा. पलीकडे हजारे उभे आहेत. सांगलीत जन्मलेले, याच महिन्यात 32 पूर्ण करणारे. उभं राहण्याची त्यांची पद्धत पाहून नवखा माणूस गोंधळेल. मुठीवर दोन हातांत अंतर, आणि बॅट दोन पायांच्या मधोमध. क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाचं मार्गदर्शन हजारेंना मिळालं होतं. त्यानं बरंच शिकवलं, पण ही ठेवण मात्र बदलू नकोस असं सांगितलं. मोठ्या शिक्षकाला कशाला हात लावू नये हेही कळतं.

आता पुढचे काही तास तुम्ही धावफलकाकडे बघू नका. खेळपट्टीकडे बघा.

हजारे हलत नाहीत. चेंडू येतो, बॅट खाली येते, चेंडू तिथेच मरतो. पुढचा जरा आखूड पडला की शेवटच्या क्षणी मनगट वळतं आणि चेंडू स्लिपच्या पलीकडे निघून जातो. गुल मात्र सतत हलतो. पुढे सरकतो, मागे जातो, ढकलतो आणि पळतो. प्रत्येक एकेरी धावेनंतर गोलंदाजाला आपली दिशा बदलावी लागते आणि क्षेत्ररक्षकांना जागा. उजव्याला लावलेली रचना डावऱ्याला लावायची, पुढच्या चेंडूनंतर परत पहिली. लेगब्रेक टाकणाऱ्याला हे फार महाग पडतं. जो चेंडू हजारेंपासून बाहेर वळतो तोच गुलला आत येतो. टप्पा सापडतोय असं वाटतं तोच समोरचा फलंदाज बदललेला असतो.

"हे लोक एकमेकांना ओळखतात हो," काका म्हणतात, आणि ते खरं आहे. 1946 च्या उन्हाळ्यात हजारे, गुल मोहम्मद, सी. एस. नायडू, सरवटे, मुश्ताक अली हे सगळे एकाच भारतीय संघातून इंग्लंडला गेले होते. एका ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलले, एका नेटमध्ये सराव केला. सी. एस. तर त्याआधी बडोद्याकडूनच खेळायचा. त्याचा गुगली हातातून कसा सुटतो हे हजारेंनी शेजारून पाहिलेलं आहे. बलाढ्य संघाची भीती निम्मी तर तो लांबचा असतो म्हणून वाटते. बडोद्याला हे होळकर लांबचे नव्हते.

संध्याकाळ होते. जोडी अभेद्य राहते.

रात्री तुम्ही रावपुऱ्यातून चालता. कुणाच्या तरी ओट्यावर वर्तमानपत्राचं जाहीर वाचन चाललंय आणि ऐकणाऱ्यांत कुणी क्रिकेटचं विचारत नाही. पंजाबात मार्चच्या पहिल्याच आठवड्यात दंगे उसळले आहेत. लाहोर पेटलंय, अमृतसर पेटलंय, रावळपिंडीकडच्या गावांतून अंगावर काटा आणणाऱ्या बातम्या येत आहेत. ज्याचं घर लाहोरला आहे तो माणूस बडोद्यात नाबाद आहे, आणि उद्या सकाळी त्याला पुन्हा चेंडूच्या टप्प्यावर लक्ष द्यायचं आहे. त्या रात्री तो कसा झोपला असेल, हा प्रश्न मला या सामन्याच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

सकाळी तो येतो. खेळतो.

या भागीदारीबद्दल बोलताना लोक 'चिकाटी' म्हणून मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. 533 मिनिटांत 577 धावा, म्हणजे तासाला जवळजवळ 65. ही काही रेंगाळणारी फलंदाजी नव्हे. होळकर नुसते थकत गेले नाहीत, थकता थकता मागेही पडत गेले. बचाव करून त्यांना थोपवलं असतं तर सी. के.नं वाट पाहिली असती. त्याला वाट पाहता येत होती. धावा वाढत राहिल्या म्हणून त्याला काहीतरी करावं लागलं, आणि काहीही करून उपयोग झाला नाही. बलाढ्य संघाविरुद्ध नुसतं टिकणं म्हणजे पराभव लांबवणं. टिकून पुढे जाणं वेगळं. तेही एकट्यानं नाही, दोघांनी, दोन वेगळ्या चालींनी.

दुपारी ऊन पांढरं होतं. सी. के. अजून ताठ उभा आहे. चेंडू सीमापार गेला की तो टाळी वाजवत नाही, कपाळावर हातही मारत नाही. गोलंदाज बदलतो, परत आपल्या जागेवर जातो. त्याच्या पायांकडे बघा. एक्कावन्न वर्षांचे पाय. त्यांच्याकडे बघताना क्षणभर तुमचा पक्ष बदलतो, आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

भागीदारी 574 च्या पुढे जाते. वर्षभरापूर्वी त्रिनिदादला फ्रँक वॉरेल आणि क्लाइड वॉलकॉट यांनी नाबाद 574 ची भर घातली होती, तो जागतिक उच्चांक. काकांना ती नावं ठाऊक नाहीत. जगात कुठल्याही विकेटसाठी, कुठल्याही दोन माणसांनी इतक्या धावा कधी केल्या नव्हत्या, आणि ते आपल्या डोळ्यांपुढे घडलंय, हे तुम्हाला त्यांना सांगावंसं वाटतं. पण ते नुसते बघतायत आणि पुडीतले शेंगदाणे केव्हाच संपलेत. तुम्ही गप्प राहता.

जोडी फुटते तेव्हा फलकावर 668 असतात. गुल मोहम्मद 319. हजारे 288, साडेदहा तासांत. गुल ज्या फलकाखालून आला होता त्यावर तीन बाद 91 होते, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

बडोद्याचा डाव 784 वर संपतो. उरलेलं लवकर उरकतं. दुसऱ्या डावात होळकर 173. बडोद्याच्या अमीर इलाहीची लेगस्पिन आता त्यांच्या दमलेल्या पायांना झेपत नाही. एक डाव आणि 409 धावांनी विजय. काका टोपी काढतात, डोक्यावरून हात फिरवतात आणि तुमच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणतात, "फिटले हो छप्पन!"

इथून परत यायला हरकत नाही. पण सामन्याची गोष्ट इथे संपवली तर खोटी होईल, म्हणून आणखी थोडं थांबा.

होळकर संपले नाहीत. पुढच्याच हंगामात त्यांनी मुंबईला 9 गडी राखून हरवून करंडक परत नेला. एक दणदणीत पराभव अशा संघाला मोडत नाही. 1950 च्या अंतिम सामन्यात बडोद्याला त्यांना पुन्हा हरवावं लागलं, तेव्हा अंतर 4 गड्यांचं होतं. आणि हजारेंची ही पद्धत सगळीकडे पुरी पडली असंही नाही. 1948 च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत 116 आणि 145 केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. तरी भारत डावानं हरला, कारण ऑस्ट्रेलियानं त्याआधी 674 केल्या होत्या. बडोद्यात होळकरांना 202 आणि 173 वर गुंडाळणारे गोलंदाज होते. ॲडलेडला तसं कुणी नव्हतं. 577 चं कौतुक करताना ते 202 विसरू नका.

जागतिक उच्चांक 59 वर्षं टिकला. 2006 मध्ये कोलंबोला कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 624 केल्या. रणजीतला उच्चांक 2016 मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी मोडला, तिसऱ्या विकेटसाठी नाबाद 594. चौथ्या विकेटचे 577 मात्र अजून तिथेच आहेत.

1947 च्या ऑगस्टमध्ये देशाचे दोन झाले. फाळणीनंतरही गुल मोहम्मद काही वर्षं भारतात खेळले, मग पाकिस्तानात गेले. 1956 मध्ये कराचीला ते पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. अमीर इलाहीही दोन्ही देशांकडून कसोटी खेळले. 1992 मध्ये गुल मोहम्मद लाहोरला वारले, आणि विजय हजारे 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यात.