मोहगाव कलानचे जीवाश्म

छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान हे वनस्पती-जीवाश्मांचे नामांकित स्थळ आहे. नावातील साम्यामुळे सौंसरजवळच्या मोहगाव हवेलीशी त्याची गल्लत होते.

अॅमोनाइट या लुप्त सागरी प्राण्याच्या शोधात कोणी या परिसरातल्या काळ्या बेसाल्टवर हातोडा चालवला, तर पदरी निराशाच! त्याच्या चक्राकार शंखांसाठी नर्मदाखोऱ्यातील बाघ किंवा तमिळनाडूतील अरियलूरचे सागरी खडक गाठावे लागतात. इकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट पसरत होते. दोन उद्रेकांमधल्या उसंतीत साचलेल्या पाण्यात गाळ बसला. त्यात सिलिका झिरपून चर्ट हा कठीण दगड बनला आणि फुले, फळे, खोडे पेशींसकट टिकली.

संशोधक बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी १९३७ साली येथील वनस्पतींचे वर्णन केले. १९४३ मध्ये साहनींनी वर्णिलेले ‘एनिग्मोकार्पॉन’ हे फळ मेंदीच्या कुळातले. नीपा या खाडीकाठच्या ताडाची फळेही येथे मिळाली. ती पाहता समुद्राचे खारे पाणी फार दूर नसावे, असा तर्क करतात.

येथे जीवाश्म केवळ गोळा करून भागत नाही. चर्ट कापून, घासून, प्रसंगी हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.