फितीच्या काठावरचा आवाज

लग्नाची, बारशाची किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाची एखादी व्हिडिओ कॅसेट आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात अजून पडून असेल. ती यंत्रात घातली की चित्र बरे दिसते. आवाज मात्र घोंगडीआडून आल्यासारखा येतो. कधी मुळीच येत नाही. ‘कॅसेट जुनी झाली’ असे म्हणून आपण ती पुन्हा कपाटात ठेवतो. हे निदान अर्धेच खरे आहे. चित्राआधी आवाजच का बिघडावा, याचे कारण या यंत्राच्या जन्मकथेत आहे, आणि ती कथा कळली की दुरुस्तीची निम्मी वाट सापडते.

ध्वनी चुंबकाच्या साहाय्याने साठवण्याची युक्ती डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेनने १८९८ साली काढली. त्याने पोलादी तार वापरली. पुढे तारेची जागा फितीने घेतली. चित्राचे प्रकरण मात्र फार अवघड होते, कारण चित्रातली कंपने ध्वनीच्या कितीतरी पट वेगवान. तेवढ्या वेगाने फीत पळवायची, तर मैलोगणती फीत लागेल! १९५६ साली अमेरिकेतल्या अ‍ॅम्पेक्स कंपनीने तोडगा काढला. फीत सावकाश चालू द्यायची आणि हेडच गरगर फिरवायचे. घरगुती यंत्रांनीही पुढे हीच वाट धरली.

जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस यंत्र बाजारात आणले. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणून चित्राच्या हेडला जणू सेकंदाला ४.८५ मीटर फीत मिळते. प्रत्यक्षात फीत सरकते सेकंदाला जेमतेम २३.३९ मिलिमीटर. आवाजाचे हेड मात्र फिरत नाही. ते एका जागी उभे. १२.७ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या वरच्या काठावर सुमारे एक मिलिमीटरची पट्टी, एवढेच त्याचे वतन. १९६३ साली आलेल्या गाण्यांच्या साध्या कॅसेटची फीतसुद्धा याच्या दुप्पट वेगाने चालते. चित्राला वाडा दिला आणि आवाजाला ओसरी, असेच म्हणा ना!

याचा परिणाम काय होतो, पाहा. सेकंदाला दहा हजार कंपनांचा बारीक सूर घेतला, तर त्याच्या एका कंपनाला फितीवर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सव्वादोन पट एवढीच जागा मिळते. हेडवर किंचित मळ साचला की पहिला नाहीसा होतो तो हाच सूर. ‘स’, ‘श’ पुसट होतात, झांजेचा खणखणाट जातो, बोलणे गुळमुळीत होते.

म्हणून आधी दुसरी कॅसेट लावून पाहावी. दोष एकाच कॅसेटमध्ये असेल, तर यंत्राला बोल लावू नये. सगळ्याच कॅसेटी घुसमटत असतील, तर यंत्राचा प्लग काढून, थोडा वेळ थांबून झाकण उघडावे. वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नये. तिथल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. आवाजाचे उभे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसता येते. फिरत्या ड्रमला मात्र ही काडी लावू नका. कापसाचा धागा त्याच्या नाजूक हेडमध्ये अडकतो. आवाज झोके घेत असेल, तर फीत ओढणारे रबरी चाक तपासावे. ते बहुधा गुळगुळीत झालेले असते. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती यंत्रात घालूच नये. कोकणासारख्या दमट हवेत हे फार होते, आणि एका कॅसेटची बुरशी यंत्रामार्फत पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते.

एक प्रकार गमतीचा आहे. लंडनहून किंवा हाँगकाँगहून आणलेले यंत्र अँटेनाच्या वायरीने जोडले, तर चित्र येते आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर ऐकू येते. यंत्र ठणठणीत असते. तिकडे चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ६ मेगाहर्ट्‌झचे अंतर ठेवत, आपल्याकडे ५.५. ऑडिओ-व्हिडिओची वेगळी वायर जोडली की काम झाले. अशा यंत्रांना पेचकस लावून कितीजणांनी ती कायमची बिघडवली असतील!

हेड कोनात किंचित कलले, तरीही आवाज दबतो. त्याचा स्क्रू फिरवण्यापूर्वी मूळ जागेवर खूण करावी. आणखी एक बारकावा असा, की कललेल्या हेडने भरलेली कॅसेट तशाच कललेल्या हेडवर चांगली वाजते. मोलाच्या कॅसेटीची नक्कल करताना जाणकार मेकॅनिक हेड तिच्याप्रमाणे जुळवून घेतो आणि काम झाल्यावर पुन्हा मूळ खुणेवर आणतो. हे काम त्याच्यावरच सोपवावे, हे बरे.

काठावरच्या आवाजाची ही दैना कंपन्यांनाही दिसत होती. १९८० च्या दशकात व्हीएचएसमध्ये हाय-फाय ध्वनी आला. त्यात आवाजाची हेडेही ड्रमवर बसवली. आवाज फितीच्या खोल थरात आणि चित्र त्याच्या वर, अशी मांडणी. सूर सुरेख, पण ट्रॅकिंग थोडे चुकले की घरघर सुरू होते. तेव्हा ट्रॅकिंग जुळवावे, आणि तेही न जमल्यास बटण ‘नॉर्मल’वर न्यावे. काठावरचा साधा आवाज तिथे असतोच.

मी इतिहास शिकवतो. माझ्या दृष्टीने या कॅसेटी म्हणजे दप्तरच आहेत. गावच्या जात्यावरच्या ओव्या, आजीचे बोलणे, निवृत्त हेडमास्तरांचे निरोपाचे भाषण, असे काय काय त्यांत असेल. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत ही यंत्रे करणे थांबवले. त्यानंतर नवे यंत्र मिळत नाही. जुनेच सांभाळायचे आणि ते चालते आहे तोवर कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायच्या.

उतरवताना एक गोष्ट जरूर करा. पूर्वी कितीजणांनी लग्नाच्या कॅसेटीवर ‘ऑडिओ डब’चे बटण दाबून मंगलाष्टकांच्या जागी सिनेमाचे गाणे भरले. ते गाणे बसते काठावरच्या पट्टीत, आणि तिथला मूळ आवाज पुसला जातो. पण तीच मूळ कॅसेट हाय-फाय यंत्रावर भरलेली असेल, तर चित्राखालच्या थराला या बटणाने धक्का लागत नाही. हाय-फाय यंत्र मिळवून बटण ‘हाय-फाय’वर ठेवा आणि कान देऊन ऐका, गाण्याच्या जागी भटजींचा आवाज येण्याचा संभव आहे.