शिक्षकाचें मत व विद्यार्थ्याचें मन

शिक्षकानें आपलीं राजकीय मतें वर्गांत बोलून दाखवावीं कीं नाहीं, हा वाद आजकाल घरोघर ऐकूं येतो. मुलगा शाळेंतून येतो आणि जेवतांना 'आमचे सर असें म्हणाले' म्हणून एखाद्या पक्षाची निंदा किंवा स्तुति सांगूं लागतो. वडिलांचें मत तेंच असलें तर ते शिक्षकाच्या बाणेदारपणाचें कौतुक करतात. उलट असलें तर शाळेंत राजकारण आणूं नये असा सिद्धान्त मांडतात. सिद्धान्त असा सोईप्रमाणें बदलत असेल, तर त्या प्रश्नाचा मुळापासून विचार झालेला नाहीं असेंच म्हटलें पाहिजे. हा विचार करावयास महाराष्ट्राला दूर जाण्याचें कारण नाहीं. पुण्यांतील न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन कॉलेज यांच्या आरंभींच्या इतिहासांत या प्रश्नाच्या बहुतेक बाजू येऊन गेल्या आहेत.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी शाळेंतले शिक्षक. १८७४ सालीं त्यांनीं 'निबंधमाला' सुरू केली. तिच्यांतील लेखन सरकारी नोकरीच्या चौकटींत मावण्यासारखें नव्हतें. पुण्याहून त्यांची रत्नागिरीस बदली झाली, आणि १८७९ सालीं त्यांनीं ती नोकरी सोडून दिली. लगेच १८८० च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस त्यांनीं टिळक व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढलें. पुढें आगरकर त्यांना येऊन मिळाले. शाळेला वर्ष पुरें होतांच, १८८१ च्या जानेवारींत, याच मंडळींनीं 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू केलीं. म्हणजे शिकविण्यास शाळा आणि मत सांगण्यास वर्तमानपत्र, अशीं दोन निराळीं स्थानें त्यांनीं निर्माण केलीं. माणसें तींच, पण वर्तमानपत्राच्या वाचकाला पटलें नाहीं तर तो अंक बाजूस टाकूं शकत होता, उलट पत्रहि लिहूं शकत होता. बांकावर बसलेल्या मुलाला ती मोकळीक नसते, हा या दोन स्थानांतला खरा भेद होय.

या मंडळींच्या मतांची झळ त्यांना लौकरच लागली. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध 'केसरी'-'मराठ्यां'त आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ सालीं टिळक व आगरकर यांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढावे लागले. त्याच वर्षीं शिक्षण-कमिशनचे अध्यक्ष हंटर यांनीं त्यांच्या शाळेची प्रशंसा केली. दोन शिक्षक तुरुंगांत गेले म्हणून शाळा वाईट ठरली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिक्षकाची परीक्षा त्याच्या शिकविण्यावरून करावी, त्याच्या मतावरून करूं नये, हा न्याय परक्या सरकारच्या एका अधिकाऱ्यासहि नाकारतां आला नाहीं.

परंतु आमच्या मतें या इतिहासांतला सर्वांत बोधप्रद काळ पुढचा आहे. १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें. टिळक व आगरकर दोघेहि तेथें शिकवीत. राजकीय स्वातंत्र्य आधीं कीं सामाजिक सुधारणा आधीं, या वादांत दोघांचें फाटलें. १८८७ सालीं आगरकरांनीं 'केसरी'चें संपादन सोडलें आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत 'सुधारक' काढला. त्यानंतर सुमारें दोन वर्षें या कॉलेजांतील विद्यार्थ्याची स्थिति मोठी विलक्षण होती. एका तासाला टिळक गणित शिकवीत आणि दुसऱ्या तासाला आगरकर तर्कशास्त्र अथवा इतिहास शिकवीत. आणि बाहेर या दोघांचीं पत्रें एकमेकांवर तुटून पडत. गुरुजन परस्परविरुद्ध मतांचे असूं शकतात, दोघेहि विद्वान, दोघेहि स्वार्थत्यागी, आणि तरीहि एकाच प्रश्नावर दोघांचें पटत नाहीं, हा धडा कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत सांपडला नसता. कोणाचें खरें, हें अखेर त्या विद्यार्थ्यासच ठरवावें लागे.

१८९० च्या अखेरीस टिळक संस्थेंतून बाहेर पडले. आजीव सभासदानें संस्थेबाहेरचीं कामें किती करावीं, हें या ताटातुटीचें एक मोठें कारण होतें. पुढच्या वर्षीं गणित शिकविण्यासाठीं धोंडो केशव कर्वे आले आणि १८९३ सालीं त्यांनीं पुनर्विवाह केला. तेव्हां आगरकर प्रिन्सिपॉल होते. ज्या आगरकरांची प्रेतयात्रा सनातनी मंडळींनीं त्यांच्या हयातींतच काढली, त्यांच्या कॉलेजांत विधवेशीं लग्न केलेला प्रोफेसर ठेवल्यानें किती पालक बिथरले असतील याची कल्पना करावी. तरी कर्व्यांची नोकरी गेली नाहीं. त्यांनीं वर्गांत गणितच शिकविलें; त्यांचें मत त्यांच्या आचरणांत लोकांना दिसतच होतें.

याच्या उलट चित्र १९०७ सालीं दिसलें. वंगभंगाच्या चळवळींत विद्यार्थी उतरले, म्हणून हिंदुस्थान सरकारनें रिस्ले यांच्या सहीचें परिपत्रक काढलें. शाळकरी मुलांनीं राजकीय सभांना जाऊं नये आणि शिक्षकांनीं त्यांना राजकारणांत ओढूं नये, असा त्याचा रोंख होता. न ऐकणाऱ्या संस्थांना अनुदान बंद होण्याची भीति होती. वरवर पाहतां यांत गैर कांहीं नाहीं असें कोणी म्हणेल. पण लीवॉर्नर या मुंबई इलाख्यांतील मुलकी अधिकाऱ्याचें इंग्रजी राज्याचे उपकार वर्णन करणारें 'दि सिटिझन ऑफ इंडिया' हें १८९७ चें पुस्तक शाळांतून शिकविलें जात होतें. तें मात्र राजकारण नव्हे! सत्ताधाऱ्याचें मत तें ज्ञान आणि इतरांचें तें राजकारण, अशी व्याख्या केली कीं शाळेंतील मौन निःपक्षपाती राहत नाहीं. राष्ट्रीय शिक्षणासाठीं प्रो. विजापूरकरांनीं काढलेलें तळेगांवचें समर्थ विद्यालय सरकारनें १९१० सालीं बंद केलें, तें याच न्यायानें.

तथापि न्याय दोन्हीकडे लावला पाहिजे. राष्ट्रीय शाळेंतल्या एखाद्या मुलानें उठून 'मला इंग्रजी राज्य बरें वाटतें' असें म्हटलें असतें, तर त्याचें काय झालें असतें? हा प्रश्न विचारतांना आम्हांला संकोच वाटतो. पण तो विचारल्याशिवाय गत्यंतर नाहीं. ज्या वर्गांत विद्यार्थ्याला शिक्षकाच्या विरुद्ध बोलतां येत नाहीं, तेथें मत चांगलें असो वा वाईट, तें शिकविलें जात नाहीं, लादलें जातें.

नाझी राजवटींत शाळा हें प्रचाराचें साधन झालेलें ज्यांनीं अनुभविलें, त्या जर्मन लोकांनाहि पुढें हाच विचार करावा लागला. १९७६ सालीं स्टुटगार्टजवळच्या बोइटेल्सबाख गांवीं तेथील शिक्षणतज्ज्ञ जमले. त्यांत भिन्न पक्षांकडे ओढा असणारे लोक होते. शिक्षकानें विद्यार्थ्याला आपल्या मतानें दडपून टाकूं नये. समाजांत व शास्त्रांत जें वादग्रस्त आहे तें वर्गांतहि वादग्रस्त म्हणूनच मांडावें. आणि विद्यार्थ्याला स्वतःची स्थिति व हित ओळखून विचार करतां यावा. हीं तीन तत्त्वें त्या चर्चेंतून निघालीं. शिक्षकानें मत बाळगूं नये, असें त्यांत कोठेंहि नाहीं.

आमचें म्हणणें याहून फार निराळें नाहीं. फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याला टिळकांबरोबर आगरकरहि लाभले, म्हणून तो वांचला. आजच्या बहुतेक शाळांत, विशेषतः लहान गांवीं, मुलाला एकच शिक्षक मिळतो, आणि गुणहि त्याच्याच हातांत असतात. तेव्हां त्या एका शिक्षकानेंच आगरकरांची व टिळकांची अशा दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. आपल्याला न पटणारें मत इतक्या प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं तें मानणाऱ्यानेंहि मान डोलवावी. लहान मुलांच्या वर्गांत त्यानें स्वतःचें मत सांगण्याची घाई करूं नये. मोठ्या विद्यार्थ्यांनीं विचारलें तर लपवूंहि नये. मात्र तें मत म्हणून सांगावें, आणि न पटल्यास गुण कमी होणार नाहींत हें कृतीनें दाखवावें. दोन बाजू मांडणें म्हणजे खऱ्याखोट्याची सरमिसळ करणें नव्हे. अस्पृश्यांना एके काळीं शाळेच्या बाहेर बसविलें जात होतें, हें मत नाहीं, घडलेली गोष्ट आहे. ती सांगितल्यानें कोणी रागावला तरी सांगितलीच पाहिजे.

शाळेबाहेर शिक्षकाला नागरिकाचे हक्क असावेत, आणि त्याच्या मतासाठीं त्याची बदली होऊं नये, एवढें समाजानें पाहावें. पालकांनींहि मुलगा 'आमचे सर असें म्हणाले' म्हणून सांगूं लागला कीं लगेच सरांचा कैवार घेऊं नये किंवा त्यांच्यावर रागावूंहि नये. 'मग त्यावर तूं काय म्हणालास?' एवढेंच त्याला विचारावें. मुलाला उत्तर देतां आलें आणि तें त्यानें वर्गांत न भितां दिलें असेल, तर त्या शिक्षकाचें मत कोणतेंहि असो, त्याच्या हातीं मूल सोंपविण्यास आम्हांस तरी हरकत दिसत नाहीं.