सरकी, साबण आणि अमिनो आम्ल

आर्णीत कापसाचा हंगाम सुरू झाला की जिनामध्ये रुई एकीकडे पडते आणि सरकी दुसरीकडे. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३ ते ३५ किलो. बाकी बहुतेक सरकीच. तिचे तेल बाजारात जाते, पेंड गुरांपुढे. या दोन्हींचा मळ काढण्याच्या विद्येशी जवळचा संबंध आहे, बरं का.

तेल आणि क्षार शिजवून साबण करण्याची रीत फार जुनी. पण कढईत घडते काय, ते फ्रान्समधील शेव्रल यांनी उलगडले. त्यांचा ग्रंथ निघाला १८२३ साली. तेलातली स्निग्धाम्ले क्षाराला धरतात तो साबण, आणि सुटे होते ते ग्लिसरीन. त्याआधी तीनच वर्षे, १८२० मध्ये, त्याच देशात ब्राकोनो यांनी सरसापासून एक गोडसर द्रव्य काढले होते. ते ग्लायसीन. प्रथिने ज्या विटांनी बांधलेली असतात त्या विटांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांतली ही सर्वांत लहान.

या दोहोंची गाठ मात्र लवकर पडली नाही. १८८० च्या दशकात जर्मनीत शोटेन आणि बाउमान यांची रीत आली : आम्लाचे क्लोराइड करायचे आणि क्षारयुक्त पाण्यात ते अमिनो द्रव्याशी जोडायचे. पुढे १९३० च्या दशकात जर्मन कारखान्यांनी स्निग्धाम्लांना अशी जोड देऊन कापड धुण्याची द्रव्ये केली. कारण काय, तर जड पाणी! चुन्याच्या पाण्यात साबण फाटतो, त्याचा चिकट साका कापडावर बसतो आणि रंग डागाळतो. गुरुजींनी हे वर्गात दाखवावे. एका बाटलीत पावसाचे पाणी, दुसरीत जड पाण्याच्या विहिरीचे. दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवायचे. फेस कुठे येतो ते मुलेच सांगतील.

जपानच्या अजिनोमोतो कंपनीने १९७२ मध्ये ग्लुटामिक आम्लाची अशी द्रव्ये विक्रीस आणली. साबण क्षारधर्मी, म्हणून कातडी ओढल्यासारखी वाटते. ही द्रव्ये त्या मानाने सौम्य. आपल्याकडे १९८० साली स्थापन झालेली गॅलक्सी सर्फॅक्टंट्स ही कंपनीही अमिनो आम्लांची द्रव्ये करते; तारापूर आणि तळोजा येथे तिचे कारखाने आहेत.

मग आमच्या सरकीला भाव येईल का, असे तुम्ही विचाराल. खोटी आशा दाखवणे मला पटत नाही. भरपूर फेसाला बारा-चौदा कार्बनांची साखळी लागते. ती खोबरेल तेलात असते. सरकीच्या तेलातली साखळी बहुतेक सोळा-अठराची, शिवाय ते खवट होते. पण कापड-उद्योगाला नेहमी फेस हवाच असतो असे नाही. आणि पेंडीत प्रथिने आहेत, म्हणजे अमिनो आम्लेही आहेत. तेल आणि प्रथिन एकाच बियात! क्लोराइडच्या रीतीत मिठाचे नि आम्लाचे सांडपाणी निघते, ही अडचण खरीच. ती टाळणाऱ्या वितंचकांच्या रीतींवर संशोधन झालेले आहे.

नागपुरात रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तिथे तेलांचेच शास्त्र शिकवतात. आर्णीची मुले तिथवर जाऊ शकतात. तोवर घरातल्या तोंड धुण्याच्या द्रवाची बाटली उलटून पाहा. तिच्यावर ‘कोकोइल ग्लायसिनेट’ असे नाव असेल, तर त्यातले ‘कोको’ म्हणजे नारळ.